भद्रिकाच्या दारचा आंबा

पूर्वी शीलवती नगरीवर राजा अरिंदमाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व सुयाम या नावाने त्याचा अमात्य होता. त्याच्या परसाला लागून भद्रिक नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याचे परस होते. त्या नगरीत मुलगी जन्मली की परसात आंब्याचे रोप लावीत आणि तिच्या लग्नात त्याच झाडाच्या डहाळ्यांनी मांडव सजवीत. दोघांच्या घरी एकाच पावसाळ्यात मुली झाल्या, म्हणून झाडेही एका वयाची होती.

राजाच्या पदरी खुशमस्कऱ्यांची उणीव नव्हती. ज्यांनी आयुष्यात एका रोपाला तांब्याभर पाणी घातले नव्हते, त्यांनी नवा रिवाज काढला : घरच्या झाडाचे पहिले फळ जो वसंतोत्सवात राजाला अर्पील, त्याला सभेत आसन. मग लोक कोवळ्या झाडांवरही फळे राखू लागले.

सुयाम मात्र आपल्या आंब्याचा पहिला मोहर खुडत होता. कुंपणापलीकडून भद्रिक म्हणाला, "अमात्य, राजाची मर्जी खुडताय."

"झाडाचे खोड अजून मनगटाएवढे नाही, बाबा. आणि तुझ्या झाडाला दुबेळके आहे, एकाच जागेतून दोन फांद्या फुटल्यात. त्यातली एक फांदी आताच काढ, नाहीतर फळांच्या भाराने चिरेल."

भद्रिक हसला. माझे फळ याच्या डोळ्यांत सलते, असे त्याने मनाशी धरले. अमात्य राजाचे फळ मातीत टाकतो, असे तो राजवाड्यात सांगून आला. राजाने चौकशी केली नाही. सुयामाचे पद गेले. त्याने घरी येऊन उत्तरीय खुंटीला अडकवले आणि झाडाच्या आळ्यातले तण काढायला बसला.

भद्रिकाच्या झाडाला फळे लगडली. उत्सवाच्या तोंडावर वारा सुटला आणि दुबेळके मधोमध चिरले. एक फांदी फळांसकट जमिनीला टेकली. बायको म्हणाली, "पोरीचे झाड मेले, तर मांडवाला डहाळी कुठली आणणार?" भद्रिक पडलेल्या फांदीकडे धावला. आसन त्याला आठवलेही नाही.

तेवढ्यात सुयाम कोयती घेऊन कुंपण ओलांडून आला.

"सूड घ्यायला आलात?" भद्रिकाने वाट अडवली.

"सूड घ्यायचा असता तर घरी बसलो असतो. झाड आपोआप मेले असते. फांदी वर उचलून धर, साल सोलली जाऊ देऊ नकोस."

भद्रिकाने फांदी धरली. सुयामाने चिरलेली बाजू साफ कापली, उरलेल्या फांदीवरच्या कैऱ्याही उतरवल्या, जखमेवर शेणमातीचा लेप दिला आणि खोड सुंभाने आवळले.

"मग राजाला काय देऊ?"

"लोणचे."

भद्रिकाने लोणचे नेले नाही. त्याने ती चिरलेली फांदी सभेत राजापुढे ठेवली आणि आपण काय केले ते सांगितले. राजाने रिवाज मोडला, सुयामाला पद परत दिले. हा रिवाज आपल्याला कधीच पटला नव्हता, असे खुशमस्करे त्याच दिवशी म्हणू लागले.

पुढे भद्रिकाच्या मुलीचा मांडव त्याच आंब्याच्या डहाळ्यांनी सजला. खोडावरचा व्रण तेव्हाही दिसत होता.

भिक्षूंपुढे एवढी कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "तो राजा आज माझा शिष्य आनंद आहे. भद्रिक म्हणजे सोबत्याची खोटी तक्रार घेऊन आलेला, समोर बसलेला हा भिक्षू. सुयाम मी होतो. ज्याने आपल्यावर घाव घातला, त्याच्या घावाला लेप लावणे, हीच क्षांती, हीच खरी क्षमा."