शरमेचा बांध

पाहुणे, पायताणं इथेच काढा. देऊळबिऊळ काही नाही इथे, पण या बांधावर कोणी पायताण घालून चढत नाही. हा मोठा बांध ओढ्यापासून थेट माळापर्यंत सरळ गेला आहे. या बाभळीपाशी मात्र त्याला एक फाटा फुटलाय. तो खालच्या शेतात शिरतो आणि मध्येच संपतो. कुठेच न जाणारा बांध. आम्ही त्याला शरमेचा बांध म्हणतो, आणि पाहुण्याला तो दाखवताना आमची मान जरा खालीच असते.

असं सांगतात, की वरचं शेत थोरल्या हैबतीचं होतं आणि खालचं धाकट्या सटवाचं. सख्खे भाऊ. एका पुरात वाटणीच्या खुणेचे दगड वाहून गेले आणि हैबतीची नियत फिरली. सटवाचं सगळं रान मुरमाड. बाभळीखालचा एवढाच तुकडा काळा, वर्षाची ज्वारी पिकायची ती त्यातच. हैबती म्हणू लागला, हा तुकडा माझा.

तेव्हाची रीत अशी, की ज्याचा दावा त्याने काळ्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि आपण सांगतो त्या हद्दीवरून अनवाणी चालायचं. खोटं असलं तर ढेकूळ फुटतं, काळी आई लेकराचं खोटं सोसत नाही. शाबूत पोचलं, तर जमीन त्याची.

बांध कुठून जातो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण हैबती पडला पाटलाचा व्याही. सगळे मूग गिळून बसले. त्यात आमचेही वाडवडील होते, ते काही मी झाकत नाही.

हैबती चालू लागला. ढेकूळ फुटलं नाही, म्हणे. काळी आई गप्प राहिली, गावासारखीच. रानात सराटे माजले होते, आणि ढेकूळ पडेल म्हणून हैबतीला खाली बघता येईना. पहिल्याच पावलांना काटे रुतले आणि तो कळवळला.

तेव्हा सटवा पायताण काढून उठला. आता हा आडवा पडणार, असं लोकांना वाटलं. तो भावाच्या पुढे गेला, खाली वाकला आणि वाटेतले सराटे वेचू लागला.

“दादा, सावकाश ये. खाली बघू नगंस, ढेकूळ पडंल. काटं मी काढतो.”

जाणारी जमीन त्याची, आणि तिच्यातले काटे तोच वेचत होता. हैबती थोडं चालला. मग त्याचा पाय उचलेना.

“बाजूला हो, सटवा.”

“तुला टोचतील की.”

हैबतीने ढेकूळ आपल्या हाताने उतरवून खाली ठेवलं. “बांध तिकडं हाय,” तो म्हणाला. “मला पयल्यापासनं ठावं हाय.”

पाटील सटवावर चिडला. “मग तू आधी का बोलला न्हाईस?”

सटवाने मूठभर सराटे पदरात टाकावेत तसे धोतराच्या सोग्यात टाकले. आवाज न चढवता म्हणाला, “पाटील, ते तुमास्नीबी ठावं व्हतं.”

मग एकेकाने आपलं पायताण काढलं. दोघे भाऊ अनवाणी असताना घालून उभं राहण्याचं तोंड कोणाला उरलं नव्हतं. हैबतीने आपण चाललो तिथवर माती घालून घेतली, पोराबाळांना दिसावं म्हणून. तोच हा फाटा.

आजही बांधाचा तंटा निघाला, की मोजणीआधी दोघांना इथे आणतात. ढेकूळ आता कोणी घेत नाही. त्याचा काय भरवसा ते तेव्हाच कळलं. दावा सांगणाऱ्याने चालायचं, दुसऱ्याने पुढे काटे वेचायचे आणि गावाने अनवाणी उभं राहायचं. बहुतेक जण मध्येच थांबतात.

हल्ली इथे सराटे फारसे उगवत नाहीत. म्हणून तंटा असला की आदल्या दिवशी आम्हीच माळावरून आणून टाकतो. काट्यावाचून आम्हाला लाज वाटेल, एवढी आमची आम्हाला खात्री नाही.