गलबताच्या पोटातला हत्ती

एका वाळूच्या गावात एक पाथरवटीण राहायची. आता वाळूत पाथरवटिणीला काय काम, असं तुम्ही म्हणाल. सारं गावही तेच म्हणून तिला हसायचं, कारण बाईला दगड पाच कोसांवरून बैलगाडीने आणावा लागे.

मग गावाने आपलं पहिलंवहिलं गलबत बांधलं. त्यासाठी पाथरवटिणीने दोन वर्षं खपून दगडाचा हत्ती घडवला. गलबतावर अगदी उंच चौथऱ्यावर तो बसला आणि हसणारी तोंडं गप्प झाली. "आता बंदरोबंदरी माझा हत्ती बघतील," असं ती भेटेल त्याला सांगत सुटली.

गलबत पाण्यात उतरलं. तिकडच्या रीतीप्रमाणे तांडेलाने, म्हणजे गलबताच्या म्होरक्याने, तोल बघायला दहा खलाशांना एका कडेकडून दुसऱ्या कडेला पळवलं. गलबत झुकलं ते झुकलंच. खलाशी कसेबसे मागे सरकले, तेव्हा कुठे सावरलं.

तांडेल पाथरवटिणीच्या दारात आला. "वहिनी, सगळं वजन वर आणि पोट रिकामं. वारा सुटला की गलबत उलटणार. हत्ती उतरवावा लागेल."

"मग आणून ठेवा माझ्या अंगणात," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"नुसतं उतरवून भागायचं नाही. तळाशी वजन हवं. वाळू भरली तर गलबत झुकताच ती एका बाजूला घसरेल, आणि गावात दुसरा दगड आहे कुठे? हत्ती तळाशी मधोमध ठेवला, तर गलबत कितीही झुकलं तरी तो त्याला परत सरळ करील. पण वर फळ्या येतील. कुणाला दिसायचा नाही तो."

तिला रडूच आलं. दोन वर्षांची मेहनत अंधारात कोंडायची? पण त्या गलबतावरून गावचे वीस जण जाणार होते. तिने पदराने डोळे पुसले. "चला भावजी, मीही येते. सोंडेला धक्का लागता कामा नये."

हत्ती तळाशी गेला. खलाशी पुन्हा पळाले. या खेपेला गलबत झुकलं आणि ऐटीत सरळ झालं.

वीस जणांना घेऊन गलबत सफरीला गेलं. परतीच्या दिवशी वादळ आलं. सारं गाव जीव मुठीत धरून किनाऱ्यावर उभं होतं. गलबत लाटेवर आडवं व्हायचं, शीड पाण्याला टेकायचं, आणि दर वेळी ते पुन्हा उभं राहायचं. वीसच्या वीस जण सुखरूप उतरले आणि घरी जाण्याआधी एकेक जण पाथरवटिणीच्या पाया पडला.

परगावचा एक पाहुणा हे बघत होता. त्याने विचारलं, "बाई, तुमच्या हत्तीचं फार ऐकलंय. पण तो तर कुठे दिसत नाही."

पाथरवटीण ताठ मानेने म्हणाली, "तो दिसत नाही, म्हणून तर हे वीस जण दिसताहेत."

तात्पर्य काय, तर आपलं काम चारचौघांना दिसतं का, हे बघू नये. जिथे त्याची गरज आहे तिथे ते आहे ना, हे बघावं आणि मग खुशाल अभिमान बाळगावा.