केवडीचे सात भोपळे

अक्का थव्यातून का उठली, हे रानूने ज्याला त्याला विचारलं. अक्का गेली, तेव्हाही विचारलं.

पाखरांच्या त्या राज्यात गाणं थव्यानेच गायचं असे. रानूच्या जातीच्या भोरड्या चाळीस-चाळीस एका दमात गात, मध्ये श्वासालाही जागा सोडत नसत. रानूची अक्का केवडी मात्र एक दिवस उठली, तळ्याकाठच्या बाभळीवर एकटी जाऊन बसली आणि सात वाळल्या भोपळ्यांत सात गाणी गाऊन तिने त्यांची तोंडं मेणाने बंद केली. भोपळ्याला कान लावला की आतलं गाणं ऐकू येई, कितीही वेळा. मेण फोडलं तर मात्र ते एकदाच बाहेर येई, साऱ्या रानाला ऐकू जाई आणि वाऱ्यावर विरून जाई.

तिची गाणी सावकाश होती. सूर ठरल्या फांदीवर बसायचा सोडून शेजारच्या फांदीवर बसे, जरा झुले, मग आपल्या जागी येई. मध्येच ती गप्प होई, आणि ती गप्प जागा संपूच नये असं वाटे.

गाण्याचा निकाल बगळ्यांकडे असे. एका पायावर उभं राहून त्यांनी सातही भोपळे ऐकले.

"गोड आहे," थोरला बगळा म्हणाला, "पण कुठे पोचत नाही. जेवणानंतर ऐकायला बरं."

सातभाई पाखरांनी हे रानभर ओरडून सांगितलं. भोपळ्याला कान त्यांच्यातल्या एकानेही लावला नव्हता.

ऐकायला फक्त एक साळिंदर येई, रोज. रानूला त्याचा संशय येऊ लागला.

"ओ काका, रोज काय हुडकता इथे?"

"काही नाही रे बाळा. हे ऐकलं की काटे खाली बसतात. एरवी झोपेतही उभेच असतात."

रानूला ते खरं वाटलं नाही.

मग एका दुपारी गारपीट झाली आणि केवडी त्यात गेली. दुसऱ्याच दिवशी बगळे मान खाली घालून आले.

"आता उमगलं," थोरला म्हणाला. "पोरीला मरणाची चाहूल लागली होती. म्हणून गाणं असं संथ."

रानू बघतच राहिला. गारेची चाहूल कुणाला लागते? ती गाणी गाताना अक्काने पोटभर तुती खाल्ल्या होत्या, आणि एकदा तर हसू आवरेना म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली होती. पण आता भोपळ्यांपुढे रांग लागली. पारवे डोळे मिटून डुलत. रानू नीट बघे, तर डुलताना त्यांचा एक डोळा बगळ्यांकडे उघडा असे.

"राज्याच्या ढोलीत ठेवू हे," बगळा म्हणाला. ढोलीत वाळवी शिरत नसे. बाहेरचे भोपळे दोन वर्षांत पोखरून जात. "फक्त सांधणी करावी लागेल."

सांधणी ही तिथली रीत. गाण्यातली गप्प जागा म्हणजे चीर, असं सगळे मानत. मेण फोडून गाणं नव्या भोपळ्यात उतरवायचं, आणि चीर आली की थव्याने गाऊन ती बुजवायची.

"आपलीच पोर," थव्याची म्होरकी गोजरकाकी म्हणाली. "तिच्या चिरा आपण नाही बुजवायच्या, तर कुणी?"

अक्का टिकावी, एवढंच रानूच्या डोक्यात होतं. त्याने मागचा पुढचा विचार न करता मान हलवली.

पहिला भोपळा सांधून झाला. साळिंदराने त्याला कान लावला. रानू त्याच्या पाठीकडे बघत होता. एक काटा उभा राहिला, मग दुसरा, मग सगळे.

"माफ कर, बाळा," एवढंच म्हणून साळिंदर निघून गेला.

रानूने स्वतः कान लावला. अक्का जिथे गप्प बसायची, तिथे चाळीस गळे ओरडत होते.

"थांबा! बाकीचे सहा नको."

"अरे वा! शब्द कुणी दिला होता?" काकी म्हणाली. "आणि वाळवीला घालणार का तिला?"

"दुःखात आहे बिचारा," बगळा म्हणाला. सातभाईंनी तेही ओरडून सांगितलं.

दुसऱ्या भोपळ्याचं मेण फुटलं. केवडीचा सूर बाहेर आला, शेजारच्या फांदीवर बसला, झुलला. आता ती गप्प होणार होती. चाळीस चोची उघडल्या.

"ससाणा!" रानू किंचाळला.

क्षणात फांद्या मोकळ्या झाल्या. थवा पानांआड, बगळे लव्हाळ्यात, सातभाई काटेरी जाळीत. पळापळीत नवा भोपळा लवंडला. ससाण्याच्या नावाने खोटं ओरडणाऱ्याला त्या राज्यात पुन्हा कुठल्याच झाडावर बसू देत नसत. रानूला ते ठाऊक होतं.

रान चिडीचूप झालं, आणि त्यात केवडी गप्प बसली. तिच्या गप्प बसण्यात कुणी शिरलं नाही. डोळे आभाळाकडे लावून, पान न हलवता, सगळं रान ऐकत होतं. मग तिचा सूर हलकेच परत आला, आपल्या जागी बसला आणि वाऱ्यावर निघून गेला.

पानांतून काकीने मान बाहेर काढली. "गेला का रे?"

रानूने चोचीने तिसऱ्या भोपळ्याचं मेण फोडलं, आणि छाती भरून पुन्हा ओरडला.