काचेची चौथी भिंत

एकदा एका वृद्ध शिल्पकारांकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी निमंत्रण घेऊन आली. शिल्पकारांचे नाव त्र्यंबकराव माईणकर, वय अठ्ठ्याहत्तर. विद्यार्थिनी शाल्मली. तिचा थोरला भाऊ श्रीरंग सतरा वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी होता आणि दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेला. त्याची खोली तिने शहरातल्या कलादालनात जशीच्या तशी उभी केली होती. त्याची लोखंडी खाट, खिडकीला त्याने चिकटवलेली वर्तमानपत्रे, भिंतींवर पेन्सिलीने लिहिलेल्या असंख्य ओळी. तीन भिंती खऱ्या, चौथी काचेची. आत जायला मागे एक लहान दार.

हे मांडणशिल्प पाहायला रोज गर्दी होत होती. त्र्यंबकराव रविवारी दुपारी आले. काचेला नाक टेकवून त्यांनी भिंतीवरच्या ओळी बराच वेळ वाचल्या. मग कुणालाही न विचारता ते मागच्या दाराने आत गेले, चपला काढल्या आणि खाटेवर आडवे झाले. डोळे मिटलेले, एक हात खाटेखाली लोंबकळलेला.

शाल्मली चकित झाली. तिला आत जावेसे वाटले; पण गर्दी क्षणात शांत झाली होती.

"नट असणार," कुणीतरी कुजबुजले.

"श्वास तरी घेतोय का बघ. काय काम करतोय!"

मोबाइल वर झाले. एका बापाने मुलीला खांद्यावर घेतले. पुढे काय होते या कुतूहलाने शाल्मलीही जागची हलली नाही. आपले शिल्प आता पूर्ण झाले, असेही तिच्या मनात येऊन गेले.

चाळीस मिनिटे गेली. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या हौसाबाईंनी बादली बाजूला ठेवली, दार उघडले आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. "बाबा, बरं वाटंना व्हय? पानी आनू?"

"आणा, बाई."

पाणी पिऊन ते बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर शाल्मलीने विचारले, "सर, हे काय केलंत? मला काही कळलं नाही."

"बाहेर किती माणसं होती?"

"शंभर तरी असतील."

"म्हातारा मेला तर नाही ना, असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही?"

"त्यांना वाटलं, हा शिल्पाचाच भाग आहे."

"तेच म्हणतोय मी. मरण असो वा मनाचा आजार, मध्ये काच आली की त्याचा देखावा होतो. माणूस मग डोळे भरून बघतो, हळहळतो, आणि आपण काहीतरी केलं या समाधानात घरी जातो. तू खोटं काही मांडलेलं नाहीस, शाल्मली. भिंतीवरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण बघणाऱ्याला तू उभं कुठं केलंस?"

शाल्मली हळूच म्हणाली, "मी उभी असायचे तिथंच, सर. घरी मी दारातून ताट आत सरकवायचे आणि तिथूनच बघायचे. आत जायची भीती वाटायची. शेवटच्या आठवड्यात गेले, तर त्यानं एवढंच विचारलं, 'इतके दिवस कुठं होतीस?'"

"म्हणजे खोली त्याची आणि काच तुझी," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांच्या स्वरात दोष नव्हता. "तेही खरंच आहे. पण आता ती ठेवायची की नाही, हे तू ठरवू शकतेस."

सोमवारी दालन बंद असते. त्या दिवशी शाल्मलीने सुताराला बोलावून काच उतरवली आणि खाटेशेजारी एक स्टूल ठेवले. एका वेळी एकानेच आत जायचे, असा नियम केला. गर्दी ओसरली. काही जण उंबऱ्यावरूनच परतले. काही आत गेले आणि लगेच बाहेर आले.

गुरुवारी पन्नाशीतले एक गृहस्थ स्टुलावर अर्धा तास बसून राहिले. बाहेर येऊन त्यांनी व्हरांड्यात फोन लावला. "दादा, जेवलास का?... नाही रे, काम काही नाही. आज येऊन बसू का तुझ्याजवळ?"

शाल्मली चार पावलांवर होती. पलीकडून काय उत्तर येते हे जाणण्याची तिला विलक्षण उत्सुकता होती. पण ते बोलणे कुणी उभे राहून ऐकावे असे नव्हते. ती वळली आणि आत निघून गेली.