सगुणाच्या दोडक्याचं बी

फार फार मागची गोष्ट. बाजारात बियाण्याची पाकिटं मिळायला लागली नव्हती, एवढी मागची. ज्याच्या परसात वेल, त्याच्याच घरात बी.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं प्रत्येक घरामागे परस होतं, परसात भाजीचे वाफे होते आणि वेलांना चढायला मांडव होता. गावाचा एक नियम होता. कुणी बी मागायला दारात आलं, तर नाही म्हणायचं नाही. मागणारीनं पदर पसरायचा, देणारीनं मूठभर बी घालायचं. अबोला असला तरी घालायचं!

दुसरी रीत लेकींची. लेक सासरी निघाली, की आई आपल्या परसातलं बी तिच्या ओटीत घालायची. लेकीनं ते सासरच्या परसात पेरायचं. ते उगवलं, की पोरगी त्या घरात रुजली म्हणायचे.

या गावात सगुणा नावाची बाई होती. तिच्या दोडक्यांसारखे दोडके पंचक्रोशीत नव्हते. हाताएवढे लांब होऊनही कोवळे, आणि एकही कडू नाही. वेलावरचे सगळ्यांत चांगले दोडके ती बियाला राखायची आणि वाळले की घरात आढ्याला टांगायची. हलवले की आत बी खुळखुळ वाजायचं. त्या आवाजानं तिची मान ताठ व्हायची.

बी मागायला बायका यायच्या. नाही म्हणता तर येत नव्हतं. मग सगुणाच्या डोक्यात आलं, "घरोघरी असला दोडका झाला, तर मला कोण विचारील?"

आणि काय केलं असेल तिनं? द्यायचं बी उकळत्या पाण्यात घातलं, उन्हात वाळवलं आणि हसतमुखानं वाटलं. दिसायला काळंभोर, टणक, जसंच्या तसं. नियमही पाळला आणि वेलही वाचला. स्वतःच्या हुशारीवर बाई खूश!

बी कुणाकडेच उगवेना. बायका म्हणाल्या, "हा वेल सगुणाच्याच मातीला मानवतो." आणि मागायच्या थांबल्या. थांबली नाही ती एकटी येसू.

येसू शेजारच्या घरची सून. तिला आई नव्हती, म्हणून लग्नात तिची ओटी बियावाचून राहिली होती. सासरी आल्यावर ती पहिल्यांदा सगुणाच्याच दारात गेली. पदर पसरून म्हणाली, "अक्का, आईच्या जागी तुम्हीच बी घाला."

सगुणानं घातलं. उकळलेलंच घातलं.

येसूनं आळं केलं, शेण घातलं, रोज पाणी घातलं. कोंब काही वर येईना. पुढच्या वर्षी पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. सगुणा वर म्हणाली, "एकेकीच्या हातालाच गुण नसतो गं, काय करणार!"

ते वाक्य येसूच्या सासूनं ऐकलं. तिनं सुनेला वाफ्यात पाऊल टाकायची बंदी केली. पेरणीच्या दिवशी सगळं घर परसात असायचं आणि येसू दाराच्या आत उभी राहून बघायची. सगुणाला हे कुंपणावरून दिसायचं. ती मान वळवून आत जायची.

वर्षं गेली. सगुणाच्या लेकीचं लग्न ठरलं. व्याहीण आधीच सांगून गेली होती, "बाकी काही नको, ओटीत तेवढं दोडक्याचं बी घाला."

लग्नाच्या दिवशी सगुणानं आढ्यावरचा दोडका काढला. हलवला. आवाज नाही! दुसरा काढला, तिसरा काढला. उंदरांनी प्रत्येकाला मागून भोक पाडून आतलं बी फस्त केलं होतं. बाहेरून मात्र दोडके धड दिसत होते.

वऱ्हाड दारात उभं. ती मागच्या दारानं येसूकडे धावली आणि पदर पसरला. "येसू, तुझ्याकडे काही बी आहे का गं? कसलंही दे."

येसू आत गेली आणि एक गाठोडी घेऊन आली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. "अक्का, हे तुमच्याच वेलाचं बी. मागच्या खेपेला दिलेलंत ना, त्यातलं उरलेलं. मला पेरू देत नाहीत, पण टाकवेना. म्हटलं, माझ्या हाती नाही उगवलं, तरी कुणाच्या तरी हाती उगवेल. बरं झालं ठेवलं, नाही का?"

आणि तिनं ते बी सगुणाच्या पदरात घातलं.

सगुणाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपणच मारलेलं बी आपल्याच पदरात, आणि देणारी हसते आहे.

क्षणभर मन म्हणालं, घाल हेच लेकीच्या ओटीत. आज कुणाला कळतंय? पण लगेच तिला पुढचं दिसलं. लेक पेरील, पाणी घालील, कोंब येणार नाही. मग तिची सासू म्हणेल, हिच्या हातालाच गुण नाही. आणि लेक दाराच्या आत उभी राहून बघत बसेल.

ती येसूचा हात धरून लग्नाच्या मांडवात आली. "बायांनो, हे बी मेलेलं आहे. मीच उकळून मारलंय. हिला दिलं, तुम्हालाही दिलं. हिच्या हातात काही खोट नव्हती, खोट माझ्यात होती."

येसूनं फक्त एवढंच विचारलं, "पहिल्या वेळेचंही, अक्का? आईच्या जागी घातलंत ते?"

सगुणाला मान वर करता आली नाही. "तेही," ती म्हणाली.

येसूनं आपला हात सोडवून घेतला.

लेक बियावाचून सासरी गेली. आईनं ओटी भरली, पण बियाची जागा रिकामी ठेवून भरली. लेकीनं जाताना मागं वळूनही पाहिलं नाही.

पाऊस पडला. येसूच्या सासूनं स्वतः तिला वाफ्यात नेलं. येसूनं भेंडी पेरली, गवार पेरली, आणि सगळं तरारून वर आलं.

सगुणाचा मांडव ओकाबोका होता. शेवटी ती पदर पसरून दारोदार हिंडली. गावाचा नियम गावानं मोडला नाही. प्रत्येकीनं मूठभर बी घातलं, येसूनंही घातलं, एक शब्द न बोलता. घरी येऊन सगुणानं ते पेरलं. एकूण एक दाणा उगवला, आणि प्रत्येक कोंब पाहून तिची मान आणखी खाली गेली.

पण तो लांब, कोवळा दोडका गावातून कायमचा गेला. देताना ती खरं बी देती, तर लग्नाच्या दिवशी तो घराघरातल्या आढ्याला टांगलेला असता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याकडचं चांगलं दुसऱ्याला देताना जो मारून देतो, त्याच्या पदरात एक दिवस ते मेलेलंच परत येतं.