क्रुसाचा डावा हात

“मग यात कमी काय आहे, मिंगेलबाबा? तेवढं तरी सांगा!”

फिदेल घामाघूम झाला होता. हातगाडीवर काळा दगड होता, आरशासारखा घासलेला. गेल्या वादळात गावच्या जुन्या क्रुसाचा डावा हात मोडला, तेव्हापासून तो हा नवा हात घडवत होता. उद्या क्रुसाचा सण.

त्याला टाकी धरायला शिकवणारे मिंगेलबाबा क्रुसाच्या ओट्यावर विडी ओढत बसले होते.

“कमी काही नाही. नवा आहे.”

“नवा असणं गुन्हा आहे?”

म्हाताऱ्याने ओट्यावरून हात फिरवला. “ही विहिरीची कड. हा खांब पडक्या देवळाचा. उजवा हात म्हणजे नातलबाईचा उंबरठा. पुरात घर गेलं, तेवढा राहिला. इथला प्रत्येक दगड आधी कुणाच्या तरी उपयोगी पडलाय...”

“आणि माझा?”

“त्यानं अजून फक्त तुझं कौतुक ऐकलंय.”

“मग शोधा दुसरा!” फिदेलने गाडी फिरवली.

केळीच्या वाडीत पाटाशी तो थांबला. वरची फळी मोडून वाहून गेली होती. पलीकडे क्रुसापुढं लादिनीच्या प्रार्थनेला निघालेल्या बायका फुलं घेऊन खोळंबल्या होत्या.

“काय रे फिदेल,” कोलेस्तीनआजी ओरडली, “उचलून नेतोस का? नवऱ्यानं कधी नेलं नाही, तू तरी ने!”

सगळ्या हसल्या. फिदेल हसला नाही. तो दगडाकडे बघत राहिला...

मग त्याने गाडी कलती केली. दगड दोन्ही काठांवर बसला.

“अरे, एवढ्या देखण्या दगडावर पाय?”

“या, आजी. हात द्या.”

आजी आली. मागून सगळी आळी आली, चिखलाच्या पायांनी. कुणीतरी गाणं धरलं. पाट ओलांडेपर्यंत ते चाळीस गळ्यांत गेलं.

लादिनीला उशीर का झाला म्हणून बघायला आलेले मिंगेलबाबा काठावर उभे होते. त्यांनी विडी फेकली.

“चुना कालवा रे! हात आला!”

पोरांनी पाटावर केळीचे खांब टाकले आणि आरोळी देत दगड खांद्यावर घेतला. क्रुसापाशी तो उतरवला, तेव्हा फिदेलने डोक्याचा रुमाल सोडला आणि चिखल पुसायला वाकला.

मिंगेलबाबांनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस, बाळा. तसाच चढव.”