शोभेचा टोमॅटो

कुंडीतली झाडं बोलायची, तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंच्या गॅलरीत टोमॅटोचं बुटकं रोप लालचुटुक फळांनी लगडलं होतं. "हात लावू नका, शोभेचं आहे," ताई पाहुण्यांना बजावत. ओझ्याने रोपाचं अंग ठणकू लागलं, नवं फूल येईना.

"फळं गेली तर तुला विचारणार कोण?" शेजारच्या कुंडीतला रंगीत पानांचा क्रोटन म्हणाला. रोपाने घाबरून फळं आणखी घट्ट धरून ठेवली.

एके सकाळी कठड्यावर बुलबुल आला. "एक खाऊ?"

रोपाला क्रोटनचं बोलणं आठवलं. तरी ते म्हणालं, "खा बाबा."

ताई हाकलायला धावल्या. पण बुलबुल इतक्या चवीने खात होता, की त्यांनीही एक तोडून तोंडात टाकलं.

"अगंबाई, किती गोड!"

दुपारी सगळी फळं कोशिंबिरीत गेली. वाकलेल्या फांद्या हळूहळू वर उठल्या आणि रोपाला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.